सिअ‍ॅटलच्या रॉकची मुळे

१९९१ साली २७ ऑगस्ट ते ८ ऑक्टोबर या सहा आठवड्यांत पर्ल जॅमचा ‘टेन’, निर्वानाचा ‘नेव्हरमाइंड’ आणि साउंडगार्डनचा ‘बॅडमोटरफिंगर’ असे तीन अल्बम लागोपाठ बाजारात आले. ॲलिस इन चेन्सचा ‘फेसलिफ्ट’ वर्षभर आधीच आला होता. चारही बँड अमेरिकेच्या वायव्य टोकाच्या सिअ‍ॅटल शहराच्या परिसरात वाढलेले. १९९२च्या जानेवारीत ‘नेव्हरमाइंड’ने मायकल जॅक्सनच्या ‘डेंजरस’ला मागे टाकून बिलबोर्डच्या यादीत पहिला क्रमांक पटकावला आणि तेव्हापासून एका प्रश्नाने संगीतावर लिहिणाऱ्यांचा पिच्छा पुरवला आहे. १९९०च्या जनगणनेनुसार जेमतेम ५ लाख १६ हजार वस्तीच्या, न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिस या दोन्ही संगीत-बाजारांपासून लांब असलेल्या गावात एवढे बँड एकाच वेळी उगवले कसे? उत्तरे पुष्कळ दिली गेली: पाऊस, एकाकीपणा, बेकारी, तरुणांची उदासी आणि अर्थातच एक-दोघांची असामान्य प्रतिभा. यातले एकही उत्तर सर्वस्वी खोटे नाही. पण वाजवायला मिळणारी खोली, ध्वनिमुद्रणाचा परवडणारा दर, गावातलेच बँड ऐकवणारे रेडिओ केंद्र, त्यांच्याबद्दल छापणारे नियतकालिक आणि या चारही ठिकाणी एकाच वेळी वावरणारी मूठभर माणसे, यांचा हिशेब त्या उत्तरांत फार कमी वेळा येतो. सिअ‍ॅटलच्या रॉकची मुळे तिथे आहेत असे मला वाटते आणि पुरावाही तिकडेच बोट दाखवतो.

पावसाचे उत्तर लवकर निकालात काढता येते. सिअ‍ॅटलला वर्षाला सुमारे ९५० मिलिमीटर पाऊस पडतो. न्यूयॉर्कला त्याहून जास्त आणि मुंबईला त्याच्या दुपटीहून अधिक. तिथला पाऊस महिनोन्‌महिने रिपरिपत राहतो म्हणून पोरे तळघरात बसून वाजवत राहतात, असे म्हणतात. पण तीच रिपरिप पोर्टलंडला आणि व्हँकूव्हरलाही असते. दूरपणाचे उत्तर जरा जास्त वजनदार आहे. सॅन फ्रान्सिस्को तिथून रस्त्याने १,३०० किलोमीटर. दौऱ्यावर निघालेले बँड तेवढ्यासाठी वर यायला तयार नसत आणि मोठ्या कंपन्यांचे लोक तर नाहीच. परिणामी गावातले बँडच एकमेकांचे श्रोते झाले. हे खरे आहे, पण मग स्पोकेन आणि बॉइझी ही शहरे याहून एकाकी असूनही तिथे असे काही घडले नाही. दूरपण उपयोगी पडते ते माणसांना एकत्र जमायला जागा असेल तरच आणि जागेचा प्रश्न शेवटी भाड्याचा असतो. बोइंग कंपनीने १९६०च्या दशकाच्या अखेरीस आणि त्यानंतरच्या दोन वर्षांत सिअ‍ॅटल परिसरातली माणसे सुमारे एक लाखावरून चाळीस हजारांच्या खाली आणली. १९६०मध्ये ५ लाख ५७ हजार असलेली वस्ती १९८०मध्ये ४ लाख ९४ हजारांवर उतरली. पायोनियर स्क्वेअर आणि बेलटाउन या जुन्या भागांत स्वस्त जागा होत्या, भाड्याची मोठी घरे चार-पाच जणांना मिळून परवडत होती आणि हॉटेलात भांडी घासून किंवा दुकानात उभे राहून आठवड्याचा खर्च निघत होता. बेकारीने माणसे उदास झाली आणि त्या उदासीतून संगीत आले, हे वर्णन मला फार सोपे वाटते. ओसरत्या शहराने तरुणांना मोकळा वेळ आणि रिकामी जागा दिली, इतकेच ठामपणे म्हणता येते.

आता त्या आवाजाकडे. ‘सिअ‍ॅटल साउंड’ म्हणून जे विकले गेले त्यात एकच सूर होता का? ॲलिस इन चेन्स हेवी मेटलमधून आलेले. दोन गळ्यांची जुळवून लावलेली, किंचित कडवट स्वरसंगती ही त्यांची ओळख. पर्ल जॅम सत्तरच्या दशकातल्या मोठ्या मैदानी रॉकचे थेट वारस. साउंडगार्डनला विषम मात्रांचे ताल आवडत. पाच किंवा सात मात्रांचे आवर्तन ते असे वाजवतात की ऐकणाऱ्याचे डोके हलत राहते आणि सम कुठे गेली ते कळत नाही. निर्वानाचे गाणे बीटल्ससारखे साधे आणि गुणगुणता येणारे, वर पंकचा आरडाओरडा. मडहनी ऐकताना साठच्या दशकातल्या गॅरेज बँडांची आठवण होते. याच गावात पोझीजसारखा निव्वळ सुरेल पॉप वाजवणारा बँडही नांदत होता. तरीही यातल्या बऱ्याच बँडांना जोडणारा जड, चिखलासारखा गिटारचा पोत कानाला जाणवतो, असा आक्षेप येईल. तो मान्य करायलाच हवा. मात्र त्या पोताचा माग काढला तर तो हवामानापाशी न थांबता माणसांपाशी पोहोचतो. गिटारची सर्वांत जाड तार एक पूर्ण स्वर खाली उतरवून वाजवण्याची युक्ती आपल्याला मेल्व्हिन्स या बँडच्या बझ ऑस्बोर्नकडून कळली, असे साउंडगार्डनच्या किम थायिलने सांगितले आहे. दुसरा धागा जॅक एंडिनोचा. हा विद्युत अभियांत्रिकी शिकलेला, स्किन यार्ड या बँडचा गिटारवादक. बॅलर्ड भागातल्या रेसिप्रोकल या छोट्या स्टुडिओत आठ ट्रॅकच्या यंत्रावर त्याने साउंडगार्डन, मडहनी, टॅड आणि निर्वाना यांची सुरुवातीची ध्वनिमुद्रणे केली. वेळ थोडा, पैसा त्याहून थोडा. त्यामुळे बँड खोलीत जसा वाजतो तसाच टेपवर उतरवायचा, ही त्याची रीत. निर्वानाचा पहिला अल्बम ‘ब्लीच’ ६०६ डॉलर १७ सेंटांत ध्वनिमुद्रित झाला. चार वेगळे बँड एकाच खोलीत, एकाच माणसापुढे, तेवढ्याच पैशात वाजवू लागले तर त्यांच्यात साम्य दिसणारच.

या माणसांच्या येरझाऱ्या थोड्या तपशिलाने पाहायला हव्यात, कारण सगळा युक्तिवाद त्यांवर उभा आहे. १९८६मध्ये सी/झेड या घरगुती कंपनीने ‘डीप सिक्स’ नावाचे संकलन काढले. त्यात सहा बँड होते: ग्रीन रिव्हर, माल्फंक्शन, मेल्व्हिन्स, स्किन यार्ड, साउंडगार्डन आणि यू-मेन. तेव्हा ते फारसे खपले नाही. पण पुढच्या दहा वर्षांची जवळजवळ सगळी वंशावळ त्या एका तबकडीत सापडते. ग्रीन रिव्हर फुटल्यावर मार्क आर्म आणि स्टीव्ह टर्नर यांनी मडहनी काढला, तर जेफ अमेंट आणि स्टोन गॉसर्ड माल्फंक्शनच्या अँड्र्यू वुडबरोबर मदर लव्ह बोनमध्ये गेले. मार्च १९९०मध्ये हेरॉइनने वुडचा जीव घेतला. त्याचा खोलीसोबती होता साउंडगार्डनचा गायक क्रिस कॉर्नेल. त्याने मित्राच्या आठवणीत गाणी लिहिली आणि ती ‘टेंपल ऑफ द डॉग’ या नावाने वाजवायला अमेंट-गॉसर्डसह पर्ल जॅमची होऊ घातलेली मंडळी एकत्र आली. मेल्व्हिन्सचा मॅट ल्युकिन मडहनीत गेला; मेल्व्हिन्सच्याच डेल क्रोव्हरने निर्वानाच्या १९८८मधल्या पहिल्या नमुना-ध्वनिमुद्रणात ड्रम वाजवले; मडहनीचा डॅन पीटर्स १९९०मध्ये एका कार्यक्रमापुरता निर्वानाचा ड्रमर झाला. मॅट कॅमेरॉन स्किन यार्डमधून साउंडगार्डनमध्ये आणि तो बँड मोडल्यावर १९९८मध्ये पर्ल जॅममध्ये गेला. आपल्याकडच्या घराण्यांत गुरू-शिष्यांची उभी साखळी असते. इथे तिच्या जागी समवयस्कांची आडवी वीण होती. नवे तंत्र, नवी धून किंवा उसना अ‍ॅम्प्लिफायर एका बँडकडून दुसऱ्याकडे आठवड्याभरात पोहोचत असे.

या विणीला आधार होता तो रेडिओ, छापील कागद आणि एका छोट्या कंपनीचा. वॉशिंग्टन विद्यापीठाचे केसीएमयू हे विद्यार्थी-केंद्र १९७२पासून चालू होते. थायिल, मार्क आर्म आणि जोनाथन पोनमन हे तिघेही तिथे कार्यक्रम करत. १९७९मध्ये सुरू झालेल्या ‘द रॉकेट’ या स्थानिक संगीत-नियतकालिकात ब्रूस पॅव्हिट सदर लिहीत असे; त्याआधी ऑलिंपियातल्या एव्हरग्रीन महाविद्यालयात असताना त्याने प्रादेशिक बँडांना वाहिलेले एक हस्तनिर्मित पत्रक चालवले होते. पॅव्हिट आणि पोनमन यांची गाठ थायिलने घालून दिली आणि त्यातून सब पॉप ही रेकॉर्ड कंपनी १९८८मध्ये पूर्ण वेळ उभी राहिली. थायिलची हकिकत मराठी वाचकाला विशेष वाटेल. त्याचे आईवडील केरळचे. जन्म १९६०चा, सिअ‍ॅटलचा. बालपण मात्र शिकागोजवळच्या पार्क फॉरेस्टमध्ये गेले. पॅव्हिट आणि साउंडगार्डनचा पहिला बेसवादक हिरो यामामोटो हेही तिथलेच. थायिल आणि यामामोटो १९८१मध्ये सिअ‍ॅटलला आले आणि थायिलने विद्यापीठात तत्त्वज्ञान घेतले. एका शहराचे म्हणून जगभर गाजलेले संगीत उभे करण्यात भारतीय आणि जपानी वंशाच्या, बाहेरून आलेल्या दोन तरुणांचा एवढा वाटा आहे, ही गोष्ट त्या काळच्या बातम्यांत जवळजवळ हरवून गेली. पर्ल जॅमचा गायक एडी व्हेडर सॅन डिएगोहून आला आणि काही दिवसांतच, २२ ऑक्टोबर १९९० रोजी, ‘ऑफ रॅम्प’ या क्लबमध्ये या नव्या बँडबरोबर पहिल्यांदा गायला. निर्वानाचा ड्रमर डेव्ह ग्रोल वॉशिंग्टन डीसीच्या पंकमधला. ‘नेव्हरमाइंड’चे ध्वनिमुद्रण लॉस एंजेलिसच्या साउंड सिटी स्टुडिओत झाले. मुळांचा अर्थ जन्मगाव असा घेतला तर सिअ‍ॅटलचे अर्धे रॉक सिअ‍ॅटलचे उरत नाही. येणाऱ्याला आठवड्याभरात बँड, मंच आणि श्रोते मिळवून देणारी व्यवस्था असा घेतला, तर हे सगळे तिथलेच ठरतात.

प्रतिभेचे काय, असा प्रश्न इथे विचारला जाईल आणि तो हलका नाही. निर्वानाच्या कर्ट कोबेनसारखा गीतकार किंवा कॉर्नेलसारखा गळा कुठल्याही व्यवस्थेतून तयार होत नाही. पण याच शहराचा आधीचा इतिहास या प्रश्नाला उत्तर देतो. जिमी हेंड्रिक्स १९४२मध्ये सिअ‍ॅटलला जन्मला, १९६१मध्ये सैन्यात भरती होऊन गाव सोडून गेला आणि नावारूपाला आला तो लंडनमध्ये. ॲन आणि नॅन्सी विल्सन या बहिणी तिथल्या परिसरात वाढल्या, पण हार्ट या त्यांच्या बँडचा पहिला अल्बम सीमेपलीकडे व्हँकूव्हरमध्ये झाला. म्हणजे प्रतिभा तेव्हाही होती; ती गावात टिकत नव्हती. याच्या उलट, साठच्या दशकाच्या सुरुवातीला टकोमा आणि सिअ‍ॅटलच्या पट्ट्यात किशोरांसाठी नाचघरे होती, स्थानिक रेडिओ निवेदक तिथे कार्यक्रम लावत आणि वेलर्स या बँडने एटिकेट नावाची स्वतःची कंपनी काढली होती. त्या काळात वेलर्स आणि सॉनिक्स यांनी असे खरखरीत, बेलगाम रॉक वाजवले की वीस वर्षांनंतर मडहनीने त्यातून उचल घेतली. नाचघरे मावळली तशी ती पिढीही विरली. जागा आणि कंपनी असताना संगीत टिकते, त्या गेल्यावर चांगले वादकही पांगतात. एकाच प्रदेशात दोनदा घडलेली ही गोष्ट योगायोग म्हणून सोडून देता येत नाही.

यापुढचा आक्षेप अधिक अवघड आहे. मिनियापोलिस, जॉर्जिया राज्यातले अथेन्स किंवा वॉशिंग्टन डीसी इथेही छोट्या कंपन्या, कॉलेज रेडिओ आणि एकमेकांत गुंतलेले बँड होते. हुस्कर डू आणि रिप्लेसमेंट्स हे मिनियापोलिसचे बँड तर गुणवत्तेत कोणाला हार जाणारे नव्हते. मग सिअ‍ॅटलचेच नाव जगभर का झाले? इथे संगीताचा जन्म आणि त्याचा गाजावाजा या दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. व्यवस्थेने संगीत जन्माला घातले, तगवले. जगभर पोहोचवले ते दुसऱ्या शक्तींनी. मे १९९१पासून बिलबोर्डने दुकानदारांच्या सांगीव अंदाजांऐवजी प्रत्यक्ष विक्रीचे संगणकीय आकडे धरायला सुरुवात केली आणि तरुण पोरे खरोखर काय विकत घेतात ते प्रथमच यादीत दिसू लागले. एमटीव्हीने निर्वानाचे ‘स्मेल्स लाइक टीन स्पिरिट’ दिवसरात्र दाखवले. आणि सब पॉपने स्वतः गावाच्या नावाची जाहिरात अत्यंत हुशारीने केली. त्यांनी स्वखर्चाने ‘मेलडी मेकर’ या ब्रिटिश साप्ताहिकाच्या एव्हरेट ट्रूला बोलावून घेतले आणि मार्च १९८९मध्ये त्याचा लेख आला. चार्ल्स पीटरसनची हललेली, घामट, कृष्णधवल छायाचित्रे जवळजवळ प्रत्येक वेष्टनावर झळकली. सब पॉपने वेगवेगळ्या बँडांना एक चेहरा दिला आणि मोठ्या कंपन्यांनी तोच विकत घेतला. एकच ‘सिअ‍ॅटल साउंड’ असतो हा समज पसरवण्यात सिअ‍ॅटलकरांचाही हात होता, हे इथे नोंदवायलाच हवे. नोव्हेंबर १९९२मध्ये वेशरचनाकार मार्क जेकब्जने लाकूडतोड्यांच्या प्रदेशातले स्वस्त, उबदार, चौकडीचे शर्ट न्यूयॉर्कच्या फॅशन-मंचावर नेले, तेव्हा त्या चेहऱ्याचा मूळ माणसांशी संबंध जवळजवळ संपला होता.

या एकसारख्या चेहऱ्यात कोण बसले नाही, हे पाहिल्याशिवाय आढावा पुरा होत नाही. १९९२च्या उन्हाळ्यात सिअ‍ॅटलचाच एक गायक अमेरिकेत पाच आठवडे पहिल्या क्रमांकावर होता: सर मिक्स-अ-लॉट, ‘बेबी गॉट बॅक’ हे गाणे घेऊन. तो कृष्णवर्णीय रॅपर. त्याची सुरुवातही नॅस्टीमिक्स या गावातल्या छोट्या कंपनीतून, गावातल्याच रेडिओ निवेदकाच्या मदतीने झाली. त्याच्या आधीच्या गाजलेल्या गाण्यात सिअ‍ॅटलच्या रस्त्यांची नावे येतात. म्हणजे व्यवस्थेची घडण तीच, गाव तेच, वर्ष तेच. तरीही ‘सिअ‍ॅटलचे संगीत’ म्हणून छापल्या गेलेल्या लेखांत त्याला जागा मिळाली नाही, कारण तो त्या चौकडीच्या शर्टात बसत नव्हता. ही वगळणूक जुनीच आहे. चाळीसच्या दशकात जॅक्सन स्ट्रीटवर जाझचे क्लब रात्रभर चालत. रे चार्ल्स १९४८मध्ये तिथे आला आणि तरुण क्विन्सी जोन्सशी त्याची मैत्री तिथेच जमली. त्या काळी शहरात गोऱ्या आणि काळ्या वादकांच्या संघटना वेगळ्या होत्या. त्या १९५८मध्ये एक झाल्या. वादक मात्र या भिंती पत्रकारांपेक्षा कमी मानत. १९९३मध्ये मडहनी आणि मिक्स-अ-लॉट यांनी ‘जजमेंट नाइट’ या चित्रपटासाठी मिळून गाणे केले. बायकांच्या बाबतीतही असेच झाले. तासाभराच्या अंतरावरच्या ऑलिंपियात के रेकॉर्ड्सच्या भोवती बिकिनी किल आणि ब्रॅटमोबिल हे बँड पुरुषी रॉकला उघड आव्हान देत होते. कोबेन स्वतः त्या वर्तुळात राहिला, वाढला. पण बाजाराने त्याला उचलले आणि त्या मुलींना तळटीपेत ठेवले. प्रदेशाच्या संगीताचा इतिहास बाजाराने केलेल्या निवडीवरून लिहिला की असा अर्धा होतो.

माझ्या मांडणीला सर्वांत मोठा छेद खुद्द शहराच्या कारभाराने दिला आहे, असे कुणी म्हणेल. १९८५मध्ये सिअ‍ॅटलच्या नगरपरिषदेने किशोरांच्या नाच-कार्यक्रमांवर इतके निर्बंध घातले की दहा लाख डॉलरांचा विमा आणि पोलिसांचा बंदोबस्त असल्याशिवाय असा कार्यक्रम करताच येईना. म्हणजे ज्या दशकात हे संगीत वाढले त्याच दशकात गावाने तरुण श्रोत्यांची वाट बंद केली होती. हे खरेच आहे, आणि त्याची किंमतही मोजली गेली: एकवीस वर्षांखालच्या मुलांना त्यांच्याच गावातले बँड दारूच्या बारमध्ये जाऊन ऐकता येत नव्हते. पण यातून एवढेच ठरते की ज्या व्यवस्थेबद्दल मी बोलतो आहे ती सरकारी नव्हती. ती तरुणांनी कारभाराच्या विरोधात, पदरमोड करून उभी केली होती. तिची ताकद संकटातही दिसली. जुलै १९९३मध्ये गिट्स या बँडची गायिका मिया झपाटा हिचा खून झाला, तेव्हा गावातल्या संगीतकार बायकांनी एकत्र येऊन ‘होम अलाइव्ह’ ही स्वसंरक्षण शिकवणारी संस्था काढली आणि तिच्यासाठी १९९६मध्ये निघालेल्या अल्बमला निर्वाना, पर्ल जॅम आणि साउंडगार्डन या तिघांनीही गाणी दिली. १९९४मध्ये पर्ल जॅमने तिकीटमास्टर या बलाढ्य कंपनीच्या मक्तेदारीविरुद्ध तक्रार केली. गॉसर्ड आणि अमेंट यांनी अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे साक्ष दिली. तो लढा ते हरले, पण चाहत्याच्या खिशाची काळजी लाखो प्रती खपल्यावरही त्यांच्या डोक्यातून गेली नव्हती. त्या व्यवस्थेला जे थोपवता आले नाही ते हेरॉइन. वुडनंतर ॲलिस इन चेन्सचा लेन स्टेली २००२मध्ये गेला. कोबेनने एप्रिल १९९४मध्ये आत्महत्या केली. नशेचा विळखा त्याच्याही भोवती होता. मित्रांच्या जवळिकीने गाणी घडली तशी ती नशाही हातोहात फिरली, हे या वर्तुळाबद्दल प्रेमाने लिहिणाऱ्यानेही झाकू नये.

किशोरांवरचा तो कायदा २००२मध्ये रद्द झाला. त्यासाठी झगडणाऱ्या तरुणांनी २००१मध्ये सर्व वयांच्या श्रोत्यांसाठी ‘व्हेरा प्रोजेक्ट’ सुरू केला होता आणि त्याच वर्षी केसीएमयूचे केईएक्सपी झाले. आज त्या केंद्राच्या ध्वनिचित्रफिती पुण्या-मुंबईतले रॉकवेडेही पाहतात. ‘द रॉकेट’ २०००मध्ये बंद पडले. सब पॉप चालू आहे आणि मार्क आर्म अनेक वर्षे तिच्या गोदामाचे काम पाहत आला आहे. शहराची वस्ती २०२०मध्ये ७ लाख ३७ हजारांवर गेली. मायक्रोसॉफ्ट आणि ॲमेझॉनच्या पगारदारांनी बेलटाउनचे भाडे कुठल्या कुठे नेले. २०१३मध्ये मॅकलमोर आणि रायन लुइस यांनी स्वतःच काढलेल्या अल्बममधले गाणे पहिल्या क्रमांकावर नेले, तेव्हा सिअ‍ॅटलमधून पुन्हा एकदा कुणीतरी वर आले होते, तेही मोठ्या कंपनीशी करार न करता. फक्त ते रॉक नव्हते. पुढचा अभ्यासक सिअ‍ॅटलला गेला, तर त्याने गिटारचा पोत शोधण्याआधी चौघांनी मिळून घेतलेले घर आता किती भाड्याने मिळते आणि अठरा वर्षांच्या मुलीला शुक्रवारी रात्री कुठे वाजवता येते, याची चौकशी करावी.